घरपट्टीच्या सॉफ्टवेअरला जीआयएस नकाशा जोडायचाय: प्रत द्यायची की सर्व्हिस?

पंचवटीची_नकाशेवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. थोडक्यात विचारला तर उत्तरंही अर्धवट मिळतील, म्हणून सगळं सांगते.

मी पंचवटीत राहते. नोकरी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत, जीआयएस (संगणकावरचे नकाशे आणि त्यांना जोडलेली माहिती) सहायक म्हणून, कंत्राटी. सकाळी निमाणीवरून शहर बस, पुढे एसटी, दहाच्या आत टेबलावर. गेल्या वर्षी एका एजन्सीनं आमच्या गावाचं ड्रोन सर्वेक्षण करून दिलं. प्रत्येक इमारतीची बाह्यरेषा, मजले, वापर, समोरून काढलेला फोटो. काम चांगलं झालंय. हे सगळं शेपफाइलमध्ये, म्हणजे आकृत्या आणि त्यांची माहिती साठवणाऱ्या नकाशाच्या फाइलमध्ये आलं आणि ती शेपफाइल माझ्या संगणकावर आहे. घरपट्टीचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, पाणीपट्टीचं दुसऱ्या कंपनीचं, बांधकाम परवानगीची ऑनलाइन यंत्रणा तिसरीकडे. या सगळ्यांना जोडणारा दुवा म्हणजे मी. महिन्यातून एकदा कर विभागातून एक्सेल घ्यायची, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशाला जोडायची, थकबाकीदारांना लाल रंग द्यायचा, मोठ्या कागदावर छापून साहेबांच्या केबिनमध्ये लावायचा. लावेपर्यंत पंधरा दिवसांची वसुली होऊन गेलेली असते.

फेब्रुवारीत जे झालं त्यामुळे हा धागा काढतेय. वसुलीची धांदल होती. माझ्या यादीवरून नळ तोडण्याच्या नोटिसा निघाल्या. त्यातली एक गावठाणातल्या एका आजींच्या दारावर लागली. त्यांची पट्टी एप्रिलमध्येच भरलेली, पावती देवघरात घडी करून ठेवलेली. थकबाकी होती शेजारच्या कुलूपबंद घराची. आजी पावती घेऊन भर दुपारी कचेरीत आल्या, माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. "आमचं कधी राहत नाही हो बाई," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री मी यादी उघडून बसले. आमच्याकडे मालमत्ता क्रमांक ३/१२ असा लिहितात, आधी प्रभाग मग घर. एक्सेलनं त्याची तारीख करून टाकली होती, तीन डिसेंबर. क्रमांक जुळेना, आणि व्हीलुकअप या शोधायच्या सूत्राच्या शेवटी, तंतोतंत जुळणारीच ओळ हवी असं सांगणारा 'फॉल्स' द्यायचा माझ्याकडून राहिला होता, म्हणून एक्सेलनं त्यातल्या त्यात जवळची ओळ उचलून दिली. ती आजींची निघाली. चूक माझी होती, मी ती लेखी कळवली, आजींच्या घरी जाऊन नोटीस काढून आणली. पण हीच चूक पुढच्या महिन्यात आणखी कुणाच्या दारावर जाणार नाही, असं मी एक्सेलच्या भरवशावर सांगू शकत नाही.

आता घरपट्टीवाली कंपनी म्हणते, शेपफाइल आमच्याकडे द्या, आम्ही आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशाचं मॉड्युल बसवून देतो. पाणीपट्टीवालेही तेच म्हणतात. म्हणजे एका गावाचे तीन नकाशे होणार. उद्या कुणी घर पाडून नवं बांधलं की मी माझी रेषा बदलणार, त्यांच्या दोन प्रती जुन्याच राहणार.

दुसरा रस्ता मी वाचलाय: नकाशा एकाच ठिकाणी ठेवायचा, तिथून सर्व्हिस म्हणून द्यायचा, ज्याला लागेल त्यानं तेवढ्यापुरता मागून घ्यायचा. घरी लॅपटॉपवर जिओसर्व्हर, म्हणजे नकाशा सर्व्हिस म्हणून देणारं सॉफ्टवेअर, बसवून एक थर ब्राउझरमध्ये दिसेपर्यंत मजल मारलीय. पण प्रत्यक्ष पालिकेत हे कुणी चालवलंय का? बंद सॉफ्टवेअरवाले सर्व्हिस जोडून घ्यायला तयार होतात का? आणि माझं कंत्राट संपलं की हे सांभाळणार कोण? मुख्याधिकाऱ्यांना शुक्रवारपर्यंत टिपणी द्यायची आहे.

---

मखमलाबाद_नाका

ताई, मनापासून सांगतो, मॉड्युल घेऊन मोकळ्या व्हा. मीही एका कचेरीत सात वर्षं कंत्राटी होतो. आपण हौसेनं काही उभं करतो, मग ते बंद पडलं की रात्री अकराला फोन आपल्यालाच. कंपनीचं मॉड्युल असेल तर जबाबदारी कंपनीची, करारात लिहिलेली. सर्व्हर, बॅकअप, पासवर्ड ही ओझी एकट्या माणसानं खांद्यावर घेऊ नयेत. आजींचं वाचून वाईट वाटलं. पण त्याला उपाय म्हणून तुम्ही स्वतःला जुंपून घ्यावं असं मला वाटत नाही.

---

गंगापूर_रोडचा_प्रोग्रामर

वरच्या दादांची काळजी खरी आहे, तिच्याकडे शेवटी येतो. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका पालिकेत मी हेच काम दोन वर्षं केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमचं दुखणं एक्सेल नाही. दुखणं आहे प्रत. एक्सेल ही घरपट्टीची प्रत, तुमची शेपफाइल ही नकाशाची प्रत. प्रत काढली त्या मिनिटापासून ती शिळी व्हायला लागते. मॉड्युल घेतलंत तर हीच प्रत कंपनीच्या सर्व्हरवर जाईल आणि ती ताजी करायला दर वेळी पत्रव्यवहार करावा लागेल. ज्याची नोंद त्याच्याकडे राहू द्या. थकबाकी घरपट्टीच्या डेटाबेसमध्ये, बाह्यरेषा तुमच्याकडे. एकमेकांना विचारायची सोय तेवढी करा.

सगळ्यात आधी शेपफाइलमधून बाहेर पडा. शेपफाइलसोबत माहितीच्या तक्त्याची जी डीबीएफ फाइल असते तिच्या एका रकान्यात २५४ बाइट मावतात. युनिकोडमधलं देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३ बाइट खातं आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे ८४ चिन्हं. भोगवटादाराचं लांब नाव आणि पत्ता एका रकान्यात टाकलात की शेपूट तुटलं. रकान्याच्या नावाला तर १० बाइट, मराठीत तीन चिन्हं. आमच्याकडे अर्धी गावठाणं अशीच अर्धवट पत्त्यांची झाली होती. सगळा माल पोस्टजीआयएस या नकाशे साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये टाका. क्यूजीआयएस थेट त्याच टेबलला जोडता येतं, तुम्ही रेषा हलवून सेव्ह केली की तीच रेषा जिओसर्व्हर पुढच्या मागणीला देतो. निर्यात करून पाठवायचं काम उरतच नाही. कुणाला फाइल द्यायचीच वेळ आली तर शेपफाइलऐवजी जिओपॅकेज या स्वरूपातली फाइल द्या.

आता सर्व्हिस. नुसतं चित्र हवं असेल, म्हणजे काउंटरवरच्या बाईंना पडद्यावर गल्ली दिसायला हवी, तर डब्ल्यूएमएस. ओजीसी या नकाशांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २००० साली काढलेलं मानक, आजही जवळपास प्रत्येक नकाशाच्या सॉफ्टवेअरला कळतं. प्रत्यक्ष रेषा आणि रकाने हवे असतील तर डब्ल्यूएफएस, किंवा त्याचा नवा भाऊ ओजीसी एपीआय फीचर्स, जो २०१९ मध्ये आला. तो साध्या वेब पत्त्यावर जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात उत्तर देतो, त्यामुळे ज्यांनी जन्मात नकाशाचं काम केलं नाही त्या प्रोग्रामरलाही तो वापरता येतो. घरपट्टीवाल्या कंपनीत तुम्हाला असेच लोक भेटतील.

पण खरं काम करते तिसरी, अगदी छोटी सर्व्हिस, जी तुम्हाला स्वतः लिहून घ्यावी लागेल. तिला दोनच प्रश्न कळायला हवेत. मालमत्ता क्रमांक दिला की ती जागा सांगणार. नकाशावरचा बिंदू दिला की तिथले मालमत्ता क्रमांक सांगणार. पन्नास-साठ ओळींचं काम आहे.

बंद सॉफ्टवेअरवाले तयार होतात का, तर मागणी लहान ठेवलीत तर होतात. आम्ही पहिल्या पत्रात एवढंच मागितलं: मालमत्तेच्या पानावर 'नकाशा पाहा' असं एक बटण द्या, दाबलं की आमचा वेब पत्ता उघडेल आणि त्याच्या शेवटी मालमत्ता क्रमांक लागेल. त्यांना त्यांच्या डेटाबेसला हातसुद्धा लावावा लागला नाही. चार दिवसांत झालं. त्या एका बटणानं वसुली विभागाला नकाशाची गोडी लागली आणि मग उलट दिशेची सर्व्हिस, म्हणजे क्रमांक दिला की थकबाकीची रक्कम, मागायला विभागप्रमुखच पुढे झाले. ती मागताना नाव आणि मोबाइल नंबर मागूच नका. रंग द्यायला रक्कम पुरते. २०२३ चा व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी कुणाची थकबाकी नावानिशी गावभर दिसावी हे बरोबर नाही.

दोन गोष्टी आमच्या अंगावर आल्या, तुमच्यावर येऊ नयेत. पहिली: डब्ल्यूएमएसच्या १.१.१ आवृत्तीत आधी रेखांश मग अक्षांश असतं. १.३.० मध्ये ईपीएसजी ४३२६, म्हणजे अंशांतली अक्षांश-रेखांशाची पद्धत, वापरली तर आधी अक्षांश. जिओजेसनमध्ये, म्हणजे नकाशासाठीच्या जेसनमध्ये, पुन्हा आधी रेखांश. आपल्या भागाचा अक्षांश साधारण २०, रेखांश ७३.८. उलटे झाले की घर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं. आमच्याकडे एक आख्खा प्रभाग दोन दिवस पडद्यावरून गायब होता आणि सगळे इंटरनेटला दोष देत होते. क्षेत्रफळ काढताना मात्र अंशांत काढू नका, मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीचा ४३ वा पट्टा घ्या, ईपीएसजी ३२६४३. तो ७२ ते ७८ रेखांशाचा, आपला जिल्हा त्यातच येतो.

दुसरी जास्त महत्त्वाची. नकाशाचा सर्व्हर बंद पडला तरी पैसे भरायची खिडकी चालूच राहिली पाहिजे. आमचा सर्व्हर एकदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बसला आणि घरपट्टीचं पान नकाशाची वाट पाहत लटकून राहिलं. रांगेत म्हातारी माणसं उभी होती. तेव्हापासून नियम केला: तीन सेकंदांत उत्तर नाही आलं तर नकाशाची चौकट रिकामी सोडायची आणि पावती फाडायची.

मखमलाबादच्या दादांच्या मुद्द्याबद्दल. ताई, हे सगळं तुमच्या नावावर उभं करू नका. टिपणीत लिहा की सर्व्हर, डेटाबेसचे पासवर्ड आणि सर्व्हिसचं वर्णन नगरपरिषदेच्या मालकीचं राहील, आणि पुढच्या प्रत्येक निविदेत 'सर्व्हिस द्यावी लागेल, घ्यावी लागेल' ही अट राहील. सगळी साधनं मुक्त स्रोताची आहेत, परवान्याचा खर्च नाही. देखभालीचा आहे, आणि तो अंदाजपत्रकात दिसू द्या.

---

निवृत्त_मोजणीदार

मी भूमि अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. संगणकाच्या बाबतीत वरच्या चिरंजीवांनी सांगितले ते योग्यच असणार. मी जमिनीच्या बाजूने लिहितो, कारण एक मोठी गोष्ट दोघांच्याही लिहिण्यात गृहीत धरलेली दिसते: एक बाह्यरेषा म्हणजे एक मालमत्ता.

जुन्या नाशकातला वाडा डोळ्यांसमोर आणा. तिवंध्याकडे, सराफ बाजाराच्या मागे असे वाडे पुष्कळ मोजले. नगर भूमापन क्रमांक एक. मिळकत पत्रिकेवर तीन भावांची नावे, त्यातले दोघे हयात नाहीत. आत भाडेकरू. पालिकेच्या दप्तरी घरपट्टीचे पाच-सहा क्रमांक, नळ दोन, वीज मीटर आणखी वेगळे. उलट बाजूला इंदिरानगरातली अपार्टमेंट घ्या: भूखंड एक, इमारत एक, सदनिका चोवीस, क्रमांक चोवीस. यात 'एका क्रमांकाला एक आकृती' हे गणित बसणारच नाही. म्हणून तुमच्या नकाशाच्या टेबलात घरपट्टीचा क्रमांक हा रकाना टाकू नका आणि घरपट्टीच्या टेबलात आकृतीचा क्रमांकही टाकू नका. मधे तिसरे टेबल ठेवा, जोडतक्ता. एका ओळीत आकृती, मालमत्ता क्रमांक, कधीपासून, कधीपर्यंत, आणि जोडणी कोणी केली. एका आकृतीला पाच ओळी असोत, हरकत नाही.

'कधीपर्यंत' हा रकाना विसरू नका. आमच्या खात्यात पोटहिस्सा पडला तर मूळ नंबर खोडून दुसऱ्याला देत नाहीत. बदलाची नोंद म्हणून कमी-जास्त पत्रक होते, जुने टिपण दप्तरात राहते. पन्नास वर्षांपूर्वीची फाळणी आज वाचता येते ती त्यामुळे. तुमच्या पालिकेत घर पडले की त्याचा मोकळा झालेला क्रमांक नव्या घराला देण्याची सवय असेल तर ती आधी थांबवा. नाहीतर जुन्या माणसाची थकबाकी नव्या माणसाच्या घरावर जाईल, आणि तिथे एक्सेलचा काही संबंध नसेल.

दुसरे. ड्रोन वरून पाहतो. त्याला छप्पर दिसते, जोते दिसत नाही. कौलारू घराच्या पागोळ्या भिंतीच्या दोन-दोन फूट बाहेर असतात. वरून आखलेल्या रेषेचे क्षेत्रफळ घराच्या क्षेत्रफळापेक्षा जास्तच भरणार. आमच्या हिशेबात ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. तेवढ्या घराला चारी बाजूंनी दोन फूट पागोळी धरा, ३७ बाय ३७, म्हणजे १३६९. एका गुंठ्याला निघालेला माणूस सव्वा गुंठ्यावर कसा जातो ते यावरून ध्यानात येईल. वाढीव आकारणी करताना हे माहीत नसेल तर गरिबाच्या कौलारू घरावर अन्याय होईल आणि स्लॅबवाला सुटेल. आणि या रेषा मालकीच्या हद्दी नाहीत, हे पडद्यावर कायम लिहिलेले असावे. हद्द हवी असेल तर मोजणी आणि तिच्या नकाशाची 'क' प्रत, दुसरा मार्ग नाही. लोक मोबाइलवर फोटो काढून भाऊबंदकीत पुरावा म्हणून नेतील.

सर्व्हिसच्या कल्पनेबद्दल मला जे पटले ते असे, की दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याकडेच राहते. पूररेषा जलसंपदा विभागाची. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पालिकेने त्यांची प्रत काढून आपल्या नकाशात रंगवली, आणि विभागाने पुढे रेषा सुधारली, तर परवानगी देणारा अभियंता जुन्या रेषेवर सही करणार. २००८ च्या सप्टेंबरातला गोदावरीचा पूर मी पाहिला. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले ते बघून गाव अंदाज घेत होते. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले तेव्हा घरांची यादी एका रजिस्टरात, नकाशा दुसऱ्या खोलीत, आणि दोन्हींचे क्रमांक वेगळे. चिखलात उभे राहून हे घर यादीतले कितवे, हे आम्ही माणसांना नावे विचारून ठरवत होतो. ज्यांचे घर बंद होते त्यांचे नाव सांगायला कोणी नव्हते. हे जोडण्याचे काम तुम्ही कराच.

भू-आधारचा, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याच्या स्वतंत्र ओळखीचा क्रमांक जमिनींना देण्याचे काम चालू आहे. जोडतक्त्यात त्याचा रकाना आजच ठेवा, रिकामा राहिला तरी चालेल.

---

पंचवटीची_नकाशेवाली

काका, पागोळ्यांचं वाचून मी थांबले. आमच्या गावठाणात निम्मी घरं कौलारू आहेत आणि 'नकाशावरून क्षेत्र वाढलेल्या मालमत्ता' अशी एक यादी मी आधीच काढून दिलीय. ती अजून टेबलावरच आहे, पुढे गेलेली नाही. उद्या पहिलं काम, ती परत घेणं.

आणि प्रोग्रामरदादा, जोडतक्ता भरायचा कुणी? काही हजार ओळी मी एकटीनं भरल्या तरी रोज हस्तांतरणं होतात, नवी नोंद होते. ते मला कसं कळणार?

---

मागणी_रजिस्टर

हे मी सांगते. एका नगरपरिषदेच्या कर विभागात अठरा वर्षं आहे, मागणी रजिस्टर, म्हणजे कुणाकडून किती कर येणं आहे त्याची नोंद, हातानं लिहायचो तेव्हापासून.

जोडतक्ता जीआयएसवाल्यांनी भरायचाच नाही. तो काउंटरवर भरला जातो. हस्तांतरणाचा अर्ज घेऊन माणूस माझ्यासमोर बसलेला असतो तेव्हाच मी त्याला नकाशा दाखवते, "दादा, यातलं तुमचं घर कोणतं?" तो बोट ठेवतो. बोट ठेवलं तिथं क्लिक केलं, मालमत्ता क्रमांक जोडला गेला. अर्धं मिनिट. माझ्या गल्लीची माहिती मला किंवा वसुली लिपिकाला जेवढी असते तेवढी शहरातल्या कुठल्याही सर्व्हरला नसते. सॉफ्टवेअरच्या पानावरूनच तक्त्यात ओळ घालायची सोय करून घ्या. आमच्याकडे ही सोय दोन वर्षं नव्हती, मी वहीत लिहून ठेवत होते आणि जीआयएसचा मुलगा वही घेऊन जायचा.

आकारणीबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते. नकाशातलं क्षेत्र आणि मागणीतलं क्षेत्र वेगळं दिसलं की मागणी आपोआप बदलेल अशी सर्व्हिस कुणीही लिहायला सांगितली तरी लिहू नका. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आकारणी यादी प्रसिद्ध करायची, हरकती घ्यायच्या, सुनावणी द्यायची, असा क्रम आहे. चतुर्थ वार्षिक आकारणीत आम्ही एकेका माणसाचं ऐकून घेतो. सर्व्हिसनं फरकाची यादी द्यावी, तिथं थांबावं. पुढे माणसानं दारात जाऊन टेप लावायची.

तुमच्या डेटात जुन्या फॉन्टमधली नावं आहेत का तेही बघा. आमची २००५ च्या आधीची सगळी नावं युनिकोडमध्ये नव्हती, त्या फॉन्टशिवाय उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. सर्व्हिसमधून ती तशीच बाहेर येतात. आम्ही आधी बदलून घेतली, मग तपासली. जोडाक्षरांत आणि रफारात चुका राहतातच, त्या डोळ्यांनीच काढाव्या लागतात.

---

पंचवटीची_नकाशेवाली

सगळ्यांचे खरंच आभार. टिपणी दिली. काय लिहिलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडेल.

मॉड्युल नको असं लिहिलं नाही. लिहिलं की मॉड्युल असो वा नसो, नकाशाची मूळ प्रत नगरपरिषदेच्या सर्व्हरवर राहील, दोन्ही कंपन्या तिथून सर्व्हिसनं नकाशा घेतील, आणि पहिल्या टप्प्यात घरपट्टीच्या पानावर फक्त एक बटण. तीन सेकंदांची अट घातली. नाव-मोबाइल नको हे घातलं. पडद्यावर 'या रेषा मालकी हद्द दर्शवत नाहीत' हे वाक्य घातलं. जोडतक्त्याची जबाबदारी कर विभागाची, असं लिहिल्यावर करनिरीक्षकांनी आधी भुवया उंचावल्या. मग त्यांना 'मागणी_रजिस्टर' ताईंचं उत्तर वाचून दाखवलं, तर म्हणाले, बोट ठेवून घेणं जमेल आपल्याला. साहेबांनी एका प्रभागापुरती मंजुरी दिली. गावठाणाचाच प्रभाग मागून घेतला. क्षेत्रवाढीची यादी परत घेतली, शेऱ्यात पागोळीचं कारण लिहिलं.

काल वसुली लिपिकांना घेऊन आजींच्या गल्लीत फिरले. ड्रोनच्या चित्राचा मोठा प्रिंट हातात, जोडतक्त्याच्या पहिल्या ओळी पेन्सिलीनं लिहीत. आजींच्या घरापाशी आलो आणि मी चित्राकडे बघतच राहिले. आजींचं घर आणि शेजारचं कुलूपबंद घर यांचं छप्पर एकच आहे. मधली भिंत आत आहे, वरून दिसत नाही. एजन्सीनं दोन्ही मिळून एकच आकृती काढलीय. म्हणजे फेब्रुवारीत एक्सेल अगदी बरोबर चाललं असतं, तरी माझ्या नकाशावर आजींचं घर लालच दिसलं असतं.

आजींनी ओळखलं, आत बोलावलं, पाणी दिलं. मी त्यांना चित्र दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ शोधत होत्या, मग तुळशीवरून त्यांना अंगण सापडलं.

काका, आता ही आकृती मी मधून कापू का? भिंत कुठे आहे ते आतून मोजता येईल, शेजारच्या घराचं कुलूप मात्र उघडायला कुणी नाही.

---

निवृत्त_मोजणीदार

कापू नका. एका बाजूने मोजून मधली भिंत आखली तर ती उद्या हद्द म्हणून वाचली जाईल, आणि समोरचा माणूस हजर नसताना आखलेली रेषा आम्ही कधी ग्राह्य धरली नाही. छप्पर एकच आहे, तर आकृती एकच राहू द्या. दोन दारांवर दोन बिंदू टाका आणि मालमत्ता क्रमांक त्या बिंदूंना जोडा. लाल रंग बिंदूला द्या, छपराला नको. वाड्यांनाही हेच लागू करा, सहा क्रमांक तर सहा उंबरे.

---

गंगापूर_रोडचा_प्रोग्रामर

काका म्हणतात ते सर्व्हिसमध्ये सहज बसतं. बिंदूंचा वेगळा थर करा, 'प्रवेशद्वार' म्हणून. जोडतक्त्यात आकृतीऐवजी दाराचा क्रमांक, आणि दार कोणत्या आकृतीत पडतं ते पोस्टजीआयएस स्वतः काढतं. मालमत्ता क्रमांकाचा रकाना टेक्स्टच ठेवा म्हणजे ३/१२ कायम ३/१२ राहील. बिंदू टाकताना मोबाइलच्या जीपीएसवर जाऊ नका, अरुंद गल्लीत ते पाच-दहा मीटर सहज सरकतं, म्हणजे शेजारच्या दारात. उंबऱ्यात उभ्या राहा आणि ड्रोनच्या चित्रावर बोटानं टाका. आजींच्या घराला तुळशीवरून ओळख आहेच.